स्वीडनची सतरंजी
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'घराची सजावट' यावर बोलायला सांगितलंय. सजावटीतलं मला काही कळत नाही, तेव्हा मी माझ्या एका सतरंजीबद्दल बोलते.

माझी लेक स्वीडनला, लुंड गावात असते. सात वर्षांपूर्वी तिने तिथल्या जुन्या बाजारातून हातमागावरची एक लोकरीची सतरंजी आणली आणि 'आई, हॉलमध्ये घाल' म्हणून मला दिली. निळी-करडी, चौकटींची. या विणीला तिकडे रोलाकान म्हणतात. गालिच्यासारखे केस नाहीत, आपल्या सतरंजीसारखी सपाट. उभा धागा लिननचा, आडवा लोकरीचा. दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवलेले, त्यामुळे मध्ये फट राहत नाही. पूर्वी त्या भागातल्या शेतकऱ्यांच्या बायका घोडागाडीच्या बैठकीसाठी अशा विणीच्या उशा करत. मेर्ता मोस-फ्येत्तरस्त्रोम नावाच्या बाईंनी 1919 मध्ये बोस्तादला विणकामाची कार्यशाळा काढली आणि ही खेड्यातली वीण शहरातल्या दिवाणखान्यात नेली. त्यांची 'एम.एम.एफ.' ही अक्षरं विणलेल्या जुन्या सतरंज्या आज लिलावात लाखांनी जातात.

माझ्या सतरंजीच्या कोपऱ्यात नुसतं 'ई. एल.' होतं. असेल कुणी बाई.

तर ही मी घातली का? नाही! खराब होईल म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकली. आपण सगळ्याच करतो ते. पाच वर्षांनी दिवाळीच्या साफसफाईत उघडली, तर कसर लागलेली. किड्यांनी लोकर तेवढी खाल्ली होती, लिननचे धागे शाबूत. तळहाताएवढ्या जागेत नुसती जाळी, आणि त्यातच 'ई' अर्धा गेलेला. मी तिथेच फरशीवर बसून रडले. लेकीला फोन केला. ती रागावली नाही, 'असू दे गं' म्हणाली. त्याचंच जास्त लागलं.

रफूवाल्या काकांना तसा निळा काही मिळाला नाही. ठिगळ दिसतं. दिसू दे. आता ती हॉलमध्ये असते, शेजारची पोरं तिच्यावर पत्ते खेळतात.

कसरीला अंधार आणि कुणी न हलवलेली जागा आवडते, म्हणून दर रविवारी मी ती बाल्कनीत झटकते. धूळ खालच्या मजल्यावर जाते. तिथल्या वहिनींची तक्रार अगदी रास्त आहे, मी सगळ्यांदेखत माफी मागते. पण लेकीच्या बिल्डिंगच्या अंगणात सतरंज्या टाकून बडवायला एक लोखंडी चौकट आहे. तिकडे ती खूप ठिकाणी असते म्हणे. आणि थंडीत लोक सतरंजी कोरड्या बर्फावर पसरून झोडपतात. बर्फाचं आपल्याला जमायचं नाही.

पण पंपरूमच्या मागे दोन खांब आणि एक आडवा पाइप? सेक्रेटरीसाहेब, पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत घ्याल का? पाइप माझ्याकडे आहे.