जर्मनीत शिकायचंय? वर्षभर आधी तयारीला लागा

तुमच्या घरातलं कुणी पदवीनंतर शिकायला जर्मनीला जायचं म्हणत असेल, तर कागद-पेन घेऊन बसा.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसतं; दर सत्राला ठरावीक वर्गणी तेवढी भरावी लागते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र भारतीय विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतात. पण शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असं मुळीच नाही. व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे पैसे ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये आधी भरावे लागतात. २०२४च्या सप्टेंबरपासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. तिथं पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो या हिशेबानं ती तुम्हालाच परत मिळते. रक्कम बदलत असते, म्हणून दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या.

आता वेळापत्रक. हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलैला संपते, काही ठिकाणी त्याआधीच. शिवाय नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं झालं आहे. गुणपत्रिकांची पडताळणी होऊन ते हाती पडायला वेळ लागतो, म्हणून पहिला अर्ज त्याचाच करा.

अभ्यासक्रम इंग्रजीत असला, तरी घरमालकाशी आणि दुकानदाराशी बऱ्याचदा जर्मनच बोलावं लागतं. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात ती शिकता येते.

पालकांनो, कर्ज काढण्याआधी मुलांसोबत बसून हा सगळा हिशेब एकदा कागदावर नक्की मांडा.