शस्त्रक्रियेनंतरची जबाबदारी



पोटातील महारोहिणीला आलेला फुगा फुटल्यास रुग्ण वाचणे दुरापास्त असते. १९९० साली अर्जेंटिनाच्या डॉ. हुआन पारोदी यांनी पोट न उघडता, जांघेतील रोहिणीवाटे आत कृत्रिम नलिका बसवली. पुढे ब्रिटनमधील चाचणीत पहिल्या ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण खुल्या शस्त्रक्रियेनंतर ४.७ टक्के, तर या पद्धतीत १.७ टक्के आढळले. परंतु त्याच चाचणीच्या २०१६ मधील निष्कर्षांनुसार आठ वर्षांनंतर हे पारडे फिरले. नलिका असूनही फुगा फुटणे, हे त्याचे प्रमुख कारण होते.

नलिकेच्या कडेने रक्त झिरपू लागले, तरी बहुधा दुखत नाही. रुग्णास बरे वाटते आणि तपासणी राहून जाते. म्हणून पहिल्या महिन्यात सीटी स्कॅन व त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने दरवर्षी सोनोग्राफी आजन्म आवश्यक आहे. स्कॅनच्या रंगद्रव्याने मूत्रपिंडास इजा होऊ नये, यासाठी आधी रक्ततपासणी करावी. तंबाखू वर्ज्य करावी, रक्तदाब आटोक्यात ठेवावा. पाय अकस्मात गार पडल्यास किंवा पोट-पाठ तीव्र दुखल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

नलिकेसाठी दाते पुढे येतात. दहाव्या वर्षीच्या सोनोग्राफीसाठी आणि गावाहून येण्याच्या एसटी भाड्यासाठी क्वचितच. आपल्या दानातील काही वाटा या पाठपुराव्यासाठी राखून ठेवावा, अशी आम्ही नम्र विनंती करतो. वाचवलेला जीव वाचलेलाच राहावा, हीच आमची इच्छा आहे.