आवाजापासून अक्षरापर्यंत

(बारडोली येथे मराठी आणि गुजराती शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बारडोलीत भाषेविषयी बोलताना १९२८च्या सत्याग्रहातली एक गोष्ट आठवते. सारावाढीविरुद्ध वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला, तेव्हा सत्याग्रह पत्रिका निघत असे. तिचं काम जुगतराम दवे पाहत. ती गावोगावी जाई आणि ज्यांना वाचता येई ते इतरांना वाचून दाखवत. याच जुगतरामभाईंनी वेडछीच्या आश्रमात आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं. छापलेलं अक्षर आवाजातून माणसांपर्यंत न्यायचं, हे तेव्हाचं काम होतं. आज आपल्याला उलट दिशेनं चालायचं आहे. मुलांच्या हातातल्या फोनमध्ये आवाज भरपूर आहे. तो वहीतल्या अक्षरापर्यंत न्यायचा आहे.

मी कोणत्या मुलांविषयी बोलतो आहे ते आधी सांगतो. दिवाळीच्या सुमारास नंदुरबार, धुळे आणि डांगमधून ऊसतोडीच्या टोळ्या या भागात उतरतात. पडाव पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्यांच्याबरोबर मुलं. घरात मावची, भिलोरी, कोकणी किंवा अहिराणी. नंदुरबार-धुळ्याकडच्या मुलांना गावच्या शाळेत मराठी, इथल्या शाळेत गुजराती. जूनमध्ये उघडलेलं पुस्तक हंगाम सुरू झाला की मिटतं आणि दुसऱ्या लिपीचं पुस्तक समोर येतं. गुजराती अक्षरांना शिरोरेषा नाही. बरीच अक्षरं ओळखीची वाटतात, काही अजिबात वाटत नाहीत. ती सरावाची होईतो परतायची वेळ होते. महाराष्ट्रात शिक्षण हमी पत्रक आहे, हंगामी वसतिगृहं आहेत. या सोयी मोलाच्या आहेत. पण मूल घरी काय बोलतं, याची चौकशी त्यांतून आपोआप होत नाही.

एक साधं वाक्य घेऊ. अहिराणी बोलणारं मूल म्हणतं, ‘मन्हं नाव राजू शे.’ मराठीचे गुरुजी सांगतात, ‘शे नाही, आहे म्हण.’ गुजरातीच्या बहेन सांगतात, ‘शे नाही, छे.’ दोघांचंही बरोबर आहे. पण मुलाच्या पदरात पडतं ते इतकंच, की आपण आणलेलं ‘शे’ दोन्ही दारांत चुकीचं आहे. खरं म्हणजे ते ‘शे’ ‘छे’च्या किती जवळ आहे! त्या शब्दावर बोट ठेवलं असतं, तर गुजरातीचं दार मुलासाठी अर्धं उघडंच होतं.

या धावपळीत मुलाबरोबर दोन्हीकडे जाणारी एकच वस्तू आहे, बापाचा फोन. २०१६नंतर डेटा स्वस्त झाला, तसा तो पडावातही पोहोचला. संध्याकाळी कुठूनतरी चार्ज करून आणलेल्या त्या फोनवर मूल गावाकडच्या आजीचा व्हॉट्सॲपवरचा आवाज ऐकतं, स्वतः बोलून उत्तर पाठवतं. यूट्यूबवर अहिराणी गाणी ऐकतं. ‘हाई झुमका वाली पोर’ हे अहिराणी गाणं खानदेशाबाहेरही किती गाजलं, ते आपल्याला ठाऊक आहे. जी भाषा शाळेत कधी फळ्यावर आली नाही, ती फोनवर वाजते. याचा मुलांना होणारा आनंद आपण हलका मानू नये. २०११च्या जनगणनेत भिली गटातल्या भाषा बोलणारे एक कोटीहून अधिक आहेत. तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांत भिली नाही, खानदेशीही नाही.

मग फोन भाषा शिकवतो का? ऐकायला शिकवतो, यात शंका नाही. हिंदी तर मुलं कोणी न शिकवता उचलतात. पण तीन गोष्टी फोन करत नाही. एक, त्याला पायऱ्या माहीत नाहीत. जे शेवटपर्यंत पाहिलं त्यासारखंच तो पुढे आणतो. आज सोपं, उद्या थोडं अवघड, ही शिक्षकाची रीत त्याच्याकडे नाही. दोन, तो लिहायला लावत नाही. लिहायची वेळ आली तर मुलं रोमन अक्षरांत दोन शब्द टाकतात किंवा एक हसरं चित्र पाठवतात. मराठी आणि गुजराती या दोन लिप्यांत अडकलेलं मूल तिसरीत शिरतं आणि तिन्हींत कच्चं राहतं. तीन, पडद्यावर अहिराणी बरीचशी विनोदात आणि लग्नाच्या गाण्यांत भेटते. मूल नकळत वाटणी करून टाकतं: आपली भाषा हसण्या-नाचण्यासाठी, मराठी-गुजराती परीक्षेसाठी, इंग्रजी मानासाठी. मला सर्वांत जास्त भीती या वाटणीची वाटते, कारण पाठ्यपुस्तकातली चूक दुरुस्त करता येते, पण मनातली ही उतरंड मोडणं कठीण असतं.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात आणि शेतात काम करता करता त्या खानदेशी बोलीत ओव्या रचत. सोपानदेवांनी आणि घरच्यांनी त्यांतल्या काही टिपून ठेवल्या, म्हणून १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक आपल्याला मिळालं. टिपणारं कोणी नसतं तर मराठी केवढी गरीब राहिली असती! वाहरू सोनवणे यांनी ‘गोधड’मध्ये भिली कविता अक्षरांत आणली. बडोद्याच्या भाषा केंद्रानं ‘ढोल’ या नियतकालिकातून आदिवासी भाषांना छापील पान दिलं. आवाजाशेजारी कोणीतरी लेखणी घेऊन बसावं लागतं. वर्गात ते काम आपलं आहे.

म्हणून एक लहानसा प्रयोग सुचवतो. आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलानं शिक्षकांच्या फोनवर घरच्या भाषेत एक मिनिट बोलावं. विषय त्याचा: उसाची मोळी कशी बांधतात, वाढं कोणाला देतात, उचल म्हणजे काय. मग तोच आवाज वर्गात थांबवत थांबवत ऐकावा आणि मुलांनी तो जसा आहे तसा देवनागरीत उतरवावा. ‘शे’ला ‘शे’च लिहावं. त्याखाली मराठी वाक्य, त्याखाली गुजराती लिपीत गुजराती वाक्य. एका वहीच्या पानावर तीन ओळी. व्याकरण त्या ओळींच्या तुलनेतून शिकवता येतं. मुलं हंगाम संपवून गेली, तरी ती वही त्यांच्याबरोबर जाते. शिवाय मराठी पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड बारडोलीतही चालतो आणि बालभारतीची पुस्तकं फोनवर उतरवता येतात. पडावावर मराठीचा धागा तुटू न देण्यासाठी एवढं पुरे.

दोन पथ्यं मात्र पाळावीत. मुलांचे आवाज आणि चेहरे जगासमोर टाकू नयेत. ते वर्गातच राहावेत. आणि मुलींची पाळी ठरवून घ्यावी. घरात फोन एक असला की तो आधी भावाच्या हातात जातो, आणि धाकट्याला सांभाळणारी मुलगी नुसती ऐकत राहते. शाळेत तरी तिचा आवाज पहिला यावा.

घटनेच्या ३५०-अ कलमानं भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला राज्यांना सांगितलं आहे. पडावावरच्या प्रत्येक बोलीसाठी स्वतंत्र शाळा लगेच उभी राहणार नाही. पण वहीतली पहिली ओळ मुलाच्या भाषेत असावी, यासाठी कोणत्याही आदेशाची वाट पाहावी लागत नाही. या हंगामात टोळ्या येतील, तेव्हा नाव-इयत्ता विचारून झाल्यावर मुलाला आणखी एक प्रश्न विचारू या: ‘घरी काय बोलता?’ आणि ते जे सांगेल, ते लिहून घेऊ या.