वाड्याची खिडकी : आधी दुरुस्ती, मग बदल

जळगाव, धुळे, अमळनेर, पारोळा या गावांतला एखादा जुना वाडा पाडला की आपण हळहळतो. उभ्या वाड्याच्या सागवानी खिडक्या निघतात आणि तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसतात, त्याची मात्र आपण दखलही घेत नाही. माझे म्हणणे असे की, अशा घराची खिडकी आधी दुरुस्त करावी आणि बदलावीच लागली तर जेवढी कुजली तेवढीच बदलावी. देखणेपण हे याचे एक कारण आहे, पण मुख्य कारण आपल्या उन्हात आहे. मे महिन्यात खानदेशात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. मातीच्या जाड भिंती, वर धाबे आणि लाकडी झडपा ही सारी या उन्हासाठी केलेली एकच रचना आहे. सकाळी झडपा लावल्या की ऊन बाहेरच अडते. रात्री सताड उघडल्या की दिवसभर तापलेली भिंत वाऱ्याने निवते. सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते आणि तिची काच दिवसाचे ऊन घरात घेते. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता लाकडाच्या हजारपटीहून अधिक वेगाने वाहते. शिवाय नव्या चौकटीच्या कडा सिमेंटने लिंपल्या की मातीच्या भिंतीतला ओलावा कोंडतो आणि पुढे भिंत तिथूनच सुटू लागते.

नियमही याच दिशेने बोलतात. मुंबईसाठी १९९५ साली वारसा नियमावली आली. तिने इमारतींच्या तीन श्रेणी केल्या आणि श्रेणी जितकी वरची तितकी बदलांची मुभा कमी ठेवली. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेल्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीतही वारसा-इमारतींसाठी तरतूद आहे. वारसा-जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितलेले तत्त्व तर सुताराला सहज पटेल : नवा भाग मूळ रचनेशी जुळावा, पण तो नवा आहे हे ओळखू यावे. खिडकी बहुधा खालून कुजते, कारण पावसाचे पाणी खालच्या आडव्या पट्टीवर साचते. तेवढी पट्टी कापून, रेषा जुळवून सागाचाच तुकडा जोडावा आणि आतल्या बाजूला दुरुस्तीचे साल कोरावे. गज, बिजागऱ्या, कडी-कोयंडे जागचे हलवू नयेत.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा. साग महाग आहे, हे खरेच. पण अख्ख्या खिडकीपेक्षा एका पट्टीला लाकूड थोडे लागते, आणि पाडलेल्या वाड्यांचे जुने, पक्के सागवान बाजारात विकायला येते. ते वखारीत कापले जाण्यापेक्षा शेजारच्या वाड्यात लागलेले बरे. दुसरा आक्षेप सोयीचा : धूळ, डास, उकाडा. त्यासाठी आतल्या बाजूला जाळीची वेगळी, काढता येणारी चौकट बसवता येते. कूलर मागच्या खिडकीत ठेवावा. त्याला दमट हवा बाहेर जायला वाट लागतेच, आणि ती पूर्ण उघडणारी झडप देते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जळगावचा चौधरीवाडा कवयित्री बहिणाबाई चौधरींचे (१८८०–१९५१) स्मारक म्हणून जपला जातो. पण राहत्या घरावर स्मारकाचे बंधन का लादावे, आणि तेही मालकाच्या खर्चाने? हा प्रश्न न्याय्य आहे. वाड्याच्या दर्शनी भागाची शोभा सगळ्या पेठेला मिळते, तर तिचा भारही पेठेने उचलायला हवा.

म्हणून नियम कडक करण्याआधी ते वापरता येण्याजोगे केले पाहिजेत. जळगाव आणि धुळ्याच्या महापालिकांनी राहत्या वाड्यांची यादी करावी, जुन्या मापाने होणाऱ्या दुरुस्तीला अर्ज येताच परवानगी द्यावी आणि त्या घरांना मालमत्ता करात सवलत द्यावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी सुतारकामाच्या विद्यार्थ्यांना जुन्या चौकटीची दुरुस्ती शिकवावी. दुरुस्ती ही सर्वांत सोपी आणि स्वस्त वाट झाली, तर खिडकी वाचवण्यासाठी कोणावर सक्ती करावी लागणार नाही.