खंडेनवमीचा पाना

खंडेनवमीला आपण पान्याला हळद-कुंकू वाहतो. मुलाने तोच हाती घ्यायचे म्हटले, की घरात सुतक! आणि हे त्या वर्ध्यात, जिथे १९३७च्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला.

दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पुढे विद्यावेतनासह शिकाऊ उमेदवारी. उस्तादाच्या हाताखाली कान तयार होतो, हे मान्य. परंतु २०२०पासूनच्या भारत स्टेज-६ गाड्यांतील सेन्सर नुसत्या कानाला दाद देत नाहीत. शिवाय गॅरेजात वर्षानुवर्षे राबलेल्या तरुणाची नोकरी प्रमाणपत्रावाचून अडते. अशा अनुभवी कारागिराला खासगी उमेदवार म्हणून व्यवसाय परीक्षेस बसता येते, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. आपल्या वस्तीतील अशा तरुणांची यादी कार्यकर्त्यांनी येत्या रविवारपर्यंत करावी.