थायलंडच्या शाळेतला पाहुणा शिक्षक

(विभागीय कामगार अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘परदेशात नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींचे प्रश्न’ असा भलामोठा विषय छापलेला आहे. एवढा विषय मला पेलणारा नाही. मी मॅट्रिक झालेला माणूस. परदेश म्हणून एकच पाहिला, तोही बारा दिवस. म्हणून एकाच देशाबद्दल आणि एकाच नोकरीबद्दल बोलतो. माझी पुतणी थायलंडमध्ये एका खासगी शाळेत सहा वर्षे इंग्रजी आणि गणित शिकवते. गाव नाखोन राचसिमा, तिथली माणसे त्याला कोराट म्हणतात. २०२४ च्या नोव्हेंबरात मी तिच्याकडे गेलो होतो. तिथे जे पाहिले, आणि तिच्याकडून व तिच्या सोबतच्या शिक्षकांकडून जे ऐकले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

बँकॉकहून कोराटला मी अर्थातच गाडीने गेलो. मीटरगेज! आपल्याकडे जे जवळजवळ संपले त्यावर तिथली मुख्य लाईन चालते. १९०० साली ही लाईन कोराटला पोचली. खिडकीत बसून मी सिग्नल आणि स्लीपर बघत होतो आणि पुतणी हसत होती. असो, रेल्वेकडे नंतर वळतो.

पहिली गोष्ट मानाची. त्या देशात शिक्षकाला जो मान आहे तो आपल्याकडे आता गोष्टीत राहिला आहे. शिक्षकाला म्हणतात ‘ख्रू’, म्हणजे आपला गुरू. वर्ष मेच्या मध्याला सुरू होते आणि जूनमधल्या एका गुरुवारी ‘वाय ख्रू’ नावाचा समारंभ होतो. गुरुवारच का, तर तो तिथेही बृहस्पतीचा वार. मुले गुडघ्यांवर बसून शिक्षकांना फुलांचे तबक देतात, आणि त्या तबकात दूर्वा असतात! दूर्वा कशा भराभर पसरतात तशी विद्या पसरावी, म्हणून. वांग्याचे फूलही असते, कारण ते खाली वाकते, तशी मुलात नम्रता यावी. नमस्कार आपल्यासारखाच हात जोडून, त्याला ‘वाय’ म्हणतात. धाकट्याने आधी करायचा. वर्गाच्या दाराशी चपला काढायच्या. मुलाच्या डोक्याला हात लावायचा नाही, कुणाकडे पाय करायचे नाहीत. गणपतीसुद्धा आहे. तिथल्या सरकारच्या ललित कला खात्याच्या मुद्रेवर गणपती आहे, हे ऐकून मला तर घरी आल्यासारखे वाटले.

पण माझ्या पुतणीने एक बारकावा दाखवला. तिच्या शाळेत थाई शिक्षकांना मुले ‘ख्रू’ म्हणतात आणि परदेशी शिक्षकांना ‘टीचर’ म्हणतात. शब्द आपल्या गुरूचा, आणि आपली मुलगी मात्र ‘टीचर’! कुणी मुद्दाम केलेले नाही. पण हाक मारतानाच दोन रांगा होतात.

आता रोजचे सांगतो. सकाळी फाटकावर उभे राहून मुलांचे नमस्कार घ्यायचे, ही ड्यूटी परदेशी शिक्षकांनाही लागते. आठ वाजता झेंडा आणि राष्ट्रगीत. दुपारी शिक्षकांच्या खोलीत सगळे मिळून जेवतात. कच्च्या पपईची चटकदार कोशिंबीर खलबत्त्यात कुटलेली, आणि चिकट भात मुठीत दाबून हाताने खायचा. भेटल्यावर पहिला प्रश्न ‘जेवलात का?’ आपल्या खेड्यात विचारतात तसाच. पुतणी माळकरी घरातली. तिला शाकाहारासाठी शब्द शिकावा लागला, ‘मांगसाविरात’. फोड करा, मांस आणि विरत! शब्द समजतो, अडचण सुटत नाही, कारण माशाचे खारे पाणी, ‘नाम प्ला’, प्रत्येक भाजीत असते. तरी दोन बायका घरून तिच्यासाठी वेगळा डबा आणतात, हे मी डोळ्यांनी पाहिले. कार्तिकी पौर्णिमेला आपण त्रिपुरी वाती लावतो, त्याच रात्री ते केळीच्या सोपाची होडी करून तिच्यात मेणबत्ती आणि उदबत्ती लावून पाण्यात सोडतात. त्या रात्री तिच्या शाळेतले लोक पिकअप गाडी घेऊन आम्हाला न्यायला आले. मला मागे बसू दिले नाही, ड्रायव्हरशेजारी बसवले. माणसे खोटी नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवतो.

मग दुखणे कुठे आहे? साडेचार वाजता शाळा रिकामी होते. थाई शिक्षक आपापल्या संसारात जातात. शाळेच्या ग्रुपवर दिवसभर निरोप येतात ते थाई भाषेत. मीटिंग थाईमध्ये, दोन-दोन तास. ही हसतमुखाने बसते आणि शेवटी सही करते. उद्या सुटी आहे किंवा उद्या तास बदलला आहे, हे तिला पुष्कळदा फाटकावर कळते. त्यांच्यात एक शब्द आहे, ‘क्रेंग चाय’. दुसऱ्याला त्रास नको, दुसऱ्याचे मन दुखू नये, म्हणून संकोच करणे. ऐकायला फार चांगले. पण याच संकोचामुळे तुमची चूक तुम्हाला कुणी सांगत नाही आणि पुढच्या वर्षी तुम्हाला ठेवणार नाहीत हेही सांगत नाही. पुतणी मला म्हणाली, “काका, इथं मला कुणी वाईट वागवत नाही. पण भांडायचं म्हटलं तर समोर माणूसच सापडत नाही.” तीस वर्षे साहेबांशी भांडण्यात घालवलेल्या माझ्यासारख्याला हे वाक्य जरा जास्तच लागले.

गोऱ्या परदेशी माणसाला तिथे ‘फरांग’ म्हणतात. आपल्या लोकांना म्हणतात ‘खॅक’. खॅक शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. बँकॉकमध्ये सीलोम रस्त्यावर मरिअम्मनचे जुने देऊळ आहे, त्याला लोक ‘वाट खॅक’ म्हणतात, म्हणजे पाहुण्यांचे देऊळ. दीडशे वर्षांचे होत आले तरी ते पाहुण्यांचेच. हा शब्द शिवी म्हणूनही वापरता येतो आणि नुसती ओळख म्हणूनही, बोलणाऱ्याच्या आवाजावर आहे. पगारही या ओळखीवर ठरतो. ब्रिटन-अमेरिकेचा शिक्षक वरच्या पायरीवर, फिलिपाइन्सचा आणि आपला खालच्या पायरीवर. काम तेच, तास तेवढेच, कधीकधी जास्त. आकडा शाळेगणिक बदलतो, पण शिडी सगळीकडे तीच. समान कामाला समान दाम हे आपल्या फलकावर किती वर्षे आहे, ते मी सांगायला नको.

पाहुण्याला ताट मिळते, वाटा मिळत नाही. हे कागदावर कसे बांधले आहे ते बघा. करार एक वर्षाचा. एजन्सीमार्फत लागलेल्यांचा तर दहा-अकरा महिन्यांचाच, म्हणजे मार्च-एप्रिलची सुटी बिनपगारी. आपल्या स्टेशनवरच्या ठेकेदारी कामगारांना जो खंड देतात त्याचाच हा धाकटा भाऊ! देशात राहण्याची परवानगी नोकरीला बांधलेली. नोकरी संपली त्या दिवशी मुदत संपली. दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशन कचेरीला पत्ता कळवायचा. घरमालकाने परदेशी भाडेकरूची वर्दी चोवीस तासांत द्यायची. त्या कचेरीत फिलिपिनो, आफ्रिकी, इंग्रज, आपले, सगळे मास्तर क्रमांकाची चिठ्ठी घेऊन बसलेले असतात. पुतणी म्हणते, आमची खरी बैठक तिथेच भरते. कोण कुठे लागला, कुठली एजन्सी पगार थकवते, सगळे तिथे कळते.

एक हकिगत तिच्याकडून ऐकलेली सांगतो. तिच्या शाळेत फिलिपाइन्सची एक बाई नऊ वर्षे शिकवत होती. मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर तिला सांगितले की नवा करार नाही. कारण नाही. दोन आठवड्यांत फ्रिज विकला, मोटारसायकल विकली. निघायच्या आदल्या दिवशी शाळेने निरोप समारंभ केला. त्या भागात रिवाज आहे, माणसाचे प्राण ठिकाणावर राहावेत म्हणून मनगटावर पांढरे दोरे बांधतात. शिक्षकांनी, शिपायांनी, मुलांनी दोरे बांधले, कोपरापर्यंत हात भरला. सगळे रडले. आणि त्या सत्तर-ऐंशी माणसांपैकी एकानेही व्यवस्थापनाला विचारले नाही की हिला का काढता? माझ्या पुतणीचा स्वतःचा करार त्याच आठवड्यात सहीला होता.

तुम्ही म्हणाल, युनियन काय करत होती? साथींनो, युनियन नव्हती. थायलंडच्या १९७५ च्या कामगार संबंध कायद्याप्रमाणे युनियन स्थापन करणारे थाई नागरिकच लागतात आणि कार्यकारिणीत जन्माने थाई असलेलाच बसू शकतो. परदेशी माणूस फार तर सभासद. त्यात २००७ च्या खासगी शाळा कायद्याने या शाळांतले शिक्षक त्या कामगार कायद्याच्या बाहेर ठेवले आहेत, मग ते थाई असोत की परदेशी. म्हणजे दाराला दोन कुलपे. डबा आणणाऱ्या त्या दोन बायका गप्प बसल्या त्यात संकोच होता तेवढेच हेही होते.

आणि युनियन आहे तिथे काय होते? आता रेल्वेकडे वळतो. ऑक्टोबर २००९ मध्ये खाओ ताओ स्टेशनजवळ गाडी घसरून सात माणसे मेली. इंजिनातली सुरक्षा यंत्रणा नादुरुस्त होती. तिथल्या रेल्वे युनियनने सांगितले, अशी नादुरुस्त इंजिने आम्ही बाहेर काढणार नाही. तिथे सरकारी उपक्रमात संपाला २००० च्या कायद्याने बंदी आहे. पुढाऱ्यांना बडतर्फ केले, आणि २०२० मध्ये तेरा जणांना तीन वर्षांच्या कैदेची शिक्षा सुनावली. १९७४ पाहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे संघटना-स्वातंत्र्याचे ८७ क्रमांकाचे कन्व्हेन्शन १९४८ चे आहे. त्यावर थायलंडची सही नाही म्हणून आपण नाक मुरडायला नको, भारत सरकारचीही नाही.

आणखी एक बोलून घेतो, कुणाला लागले तर लागू द्या. आपल्या यार्डात ठेकेदाराची सफाई करणारी मंडळी आहेत. पोस्टातल्या साथींकडे ग्रामीण डाक सेवक आहेत. सत्यनारायणाला आपण त्यांना पहिल्या पंगतीला बसवतो, हळदीकुंकवाला त्यांच्या बायका येतात. मागण्यांची यादी करताना त्यांतले किती जण खोलीत असतात, ते प्रत्येक शाखेच्या सेक्रेटरीने आज संध्याकाळी मोजून मला सांगावे.

आता कामाचे. आपल्यापैकी काहींची मुले बी.एड. होऊन थायलंडला जायच्या तयारीत आहेत. जाऊ द्या, अडवू नका, देश चांगला आहे. पण करारपत्र आधी युनियनच्या कार्यालयात आणा. मालक शाळा आहे की एजन्सी, पगार बारा महिन्यांचा की दहा, वर्क परमिटचा खर्च कोणाचा, काढायचे झाले तर नोटीस किती दिवसांची, हे लिहिलेले आहे का ते बघू. करार थाई भाषेत असेल तर इंग्रजी भाषांतरावर भरवसा ठेवायचा नाही, थाई प्रत वाचणाऱ्याकडून वाचून घ्यायची. शिक्षकाच्या परवान्याचे काम तिथली शिक्षक परिषद, खुरुसपा, बघते. त्यासाठीची कागदपत्रे इथूनच पुरी करून न्यावीत.

माझ्या पुतणीचा करार येत्या मार्चअखेर संपतो. नोटिशीची मुदत लिहून द्या, असे तिने या वेळी कार्यालयाला लेखी मागितले आहे. अजून उत्तर नाही. आले की पुढच्या मासिक सभेत सांगतो.