शपथ कोणी घ्यायची?

(रायपूर येथील मराठी भाषिकांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मार्च २०२५ मध्ये छत्तीसगडच्या कबीरधाम जिल्ह्यातील परसवारा ग्रामपंचायतीत शपथविधी झाला. गावाने सहा स्त्रियांना पंच म्हणून निवडून दिले होते. शपथ मात्र त्यांच्या पतींनी घेतली. चित्रफीत देशभर पसरली, चौकशी झाली, पंचायत सचिव निलंबित झाला. परंतु सचिवाच्या निलंबनाने मूळ प्रश्न सुटत नाही. भर सभेत सहा पुरुष उठले, दुसऱ्याच्या पदाची शपथ घेऊ लागले आणि हा समारंभ तिथेच थांबला नाही. असे का झाले?

स्त्रियांना राजकारणाची आवड नसते, हे उत्तर ठरलेले आहे. या शहराचा इतिहास ते खोटे पाडतो. नागपूरला जन्मलेल्या, बालपणीच वैधव्य आलेल्या राधाबाई १९१८ साली रायपूरला आल्या आणि नगरपालिकेत दाईचे काम करू लागल्या. वैद्यकीय पदवी नसताना लोकांनीच त्यांना 'डॉक्टर' म्हटले. १९३० ते १९४२ या काळात त्या सत्याग्रहात पुन्हा पुन्हा तुरुंगात गेल्या. आज शहरातील मुलींचे शासकीय महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते. स्वातंत्र्यानंतरही हा क्रम तुटला नाही. दल्ली-राजहराच्या लोहखाणींत स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने दगड फोडीत होत्या आणि बरोबरीने संपावर उतरल्या. जून १९७७ च्या पोलीस गोळीबारात अकरा जण मारले गेले. अनसूयाबाई ही कामगार स्त्री त्यांत होती.

म्हणजे तुरुंगात, मोर्च्यात आणि गोळीपुढे स्त्रीला कोणी अडविले नाही. तिला अडविले जाते ते निर्णयाच्या जागेपाशी. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत छत्तीसगडच्या मतदारयादीत स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक होत्या; नव्वद जागांवर निवडून आल्या एकोणीस, आणि हा राज्यातील उच्चांक ठरला! २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. रायपूर मतदारसंघाने तर १९६७ ते २०२४ पर्यंतच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत पुरुषच दिल्लीला धाडला. याच शहराला छत्तीसगड राज्य झाल्यापासून २००९ मध्ये किरणमयी नायक आणि २०२५ मध्ये मीनल चौबे अशा दोन स्त्री महापौर मिळाल्या. दोघी परस्परविरोधी पक्षांच्या. पण दोन्ही वेळा पद स्त्रियांसाठी राखीव होते. आरक्षण नसते तर त्यांच्या पक्षांनी त्यांना उमेदवारी दिली असती का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तेव्हा आरक्षण हवेच. संसदेतील आरक्षणाचे विधेयक १९९६ साली आले. कॉम्रेड गीता मुखर्जी संयुक्त समितीच्या अध्यक्ष होत्या. २००० साली त्यांचे निधन झाले तरी विधेयक पडूनच होते. २०२३ साली घटनादुरुस्ती मंजूर झाली, तीही जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांची अट घालून. सत्तावीस वर्षांची चालढकल आणि वर ही अट! पुरुषांच्या जागा धोक्यात येतात तेव्हा सत्ताधारी वर्ग किती सावकाश चालतो, हे यावरून कळते.

पण कायद्याने खुर्ची मिळते. खुर्चीवर बसण्याची सवड, पैसा आणि अधिकार कायदा आपोआप देत नाही. शेत नवऱ्याच्या नावावर, घरखर्च सासऱ्याच्या हाती, स्वयंपाक आणि पाणी बाईच्या डोक्यावर. बैठक रात्री नऊला, आणि घरी परतताना तिच्या चारित्र्याची चर्चा चावडीवर. अशा स्थितीत सही तिची आणि निर्णय 'सरपंचपती'चा होतो. हा तिचा दुबळेपणा नव्हे. सरंजामी कुटुंबाने आणि मालमत्तेच्या व्यवस्थेने तिच्यावर लादलेली ही अवस्था आहे.

नवऱ्याच्या वाटेने आलेली स्त्री कायमची त्याची सावलीच राहते, असेही मानू नये. सतनामी समाजाचे गुरू अगमदास यांच्या निधनानंतर मिनीमाता पोटनिवडणुकीतून लोकसभेत गेल्या. पुढे जनतेने त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले. अस्पृश्यतेविरुद्ध त्या लढल्या. १९७२ च्या विमान अपघातात त्यांचा अंत झाला, तेव्हा त्या खासदारच होत्या. हसदेव-बांगो धरणाला आज त्यांचे नाव आहे. पतीची म्हणून मिळालेली जागा त्यांनी स्वतःची केली, कारण त्या प्रत्यक्ष त्या जागेवर बसल्या, बोलल्या आणि लोकांत वावरल्या. परसवाऱ्याच्या सहा जणींना ही पहिली पायरीच नाकारली गेली.

दुसऱ्यांकडे बोट दाखवून डाव्या चळवळीचीही सुटका नाही. मार्क्सवादी पक्ष १९६४ साली स्थापन झाला. त्याच्या पॉलिट ब्यूरोवर पहिली स्त्री, वृंदा करात, २००५ साली आली. मोर्च्यात अर्ध्या स्त्रिया आणि समितीत एखादी, हे चित्र लाल झेंड्याखालीही दिसते. समतेचा कार्यक्रम छापून समता येत नसते.

म्हणून आजची कामे साधी, पण नेमकी आहेत. समितीची बैठक श्रमिक स्त्रीला येता येईल अशा वेळी घ्या आणि तिथे मुलांची सोय करा. निवडून आलेल्या प्रत्येक पंच भगिनीला पंचायतीचा हिशेब आणि तिचे कायदेशीर अधिकार शिकवा. तिच्या खुर्चीवर तिचा नवरा बसला, तर तो आपला कार्यकर्ता असला तरी त्याला उठवा. जिंकता येतील अशा जागांवर स्त्रियांना उमेदवारी द्या. पडायच्या जागा त्यांच्या वाट्याला टाकू नका. आणि घरी गेल्यावर चूल कोण पेटवितो, हा प्रश्न खासगी म्हणून टाळू नका. ज्या संध्याकाळी पुरुष कॉम्रेड घर सांभाळील, त्या संध्याकाळी आणखी एक स्त्री सभेला येऊ शकेल.